देवीचं बळ काढणारा शब्द

नथू, तुला जाऊन आज तेरावा दिवस. गावात जो तो तुझ्याबद्दल चांगलं बोलतो आहे. नवापुरात इतकी माणसं तुला ओळखत होती हे मला ठाऊकच नव्हतं. स्टेशनावरचा तो तिरसट हमालसुद्धा डोळे पुसत होता. मी रडलो नाही. मला तुझा राग आला आहे, आणि तो का आला हे तुला सांगितल्याशिवाय मला फळ्यासमोर उभं राहवत नाही. परवा मी मोहपाड्याला जाऊन आलो. तिथं तू जे करून ठेवलंस ते तू मला सांगायला हवं होतंस. चार दिवस मी तुझ्या खाटेशेजारी बसलो होतो की नाही?

पण आधी त्या शब्दाचं बोलू.

आठवतं का, गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर खात्याकडून तुला ते इंग्रजी पुस्तक आलं. देवी कशा काढाव्यात, लस कशी घ्यावी, सगळं इंग्रजीत. तू सरकारी देवी डॉक्टर. डॉक्टर कसला, मराठी सहा यत्ता झालेला टोचणीवाला, पण लोक डॉक्टर म्हणत आणि मी कधी ते खोडून काढलं नाही. आपण दोघं तापीकाठच्या एकाच गावचे, एकाच पंतोजीच्या छड्या खाल्लेले. मी चार बुकं जास्त शिकलो, मास्तर झालो आणि तेवढ्यावर आयुष्यभर तुझ्यापेक्षा शहाणा राहिलो. तू ते पुस्तक घेऊन शाळा सुटल्यावर ओसरीवर आलास. तुझं ते पारडू बाहेर निंबाला बांधलं होतं. गावोगाव तू ते म्हशीचं पारडू बरोबर नेत होतास, पोट भादरलेलं, त्यावर टोचे मारलेले, टोच्यांना फोड धरलेले. त्या फोडांतली लस पोरांच्या दंडावर टोचायची. माझी शाळेतली पोरं त्या पारड्याला वळसा घालून घरी जात. खरं सांगतो, मीही त्याच्या जवळून जात नसे. ते कधी हंबरत नसे, नुसतं बघत राही.

पुस्तकात एक वाक्य होतं, की माणसाची देवी जनावराच्या अंगातून गेली म्हणजे ती अटेन्युएट होते. तू बोट ठेवून विचारलंस, "मास्तर, हाऊ शब्द काय शे?"

अशा वेळी मला किती आनंद होत असे ते तुला माहीत होतं. मी आतून जाडा कोश आणला. क्षीण करणे, कृश करणे, विरळ करणे, बळ कमी करणे. मग मी तुला त्या क्रियापदाचे सगळे उपयोग समजावले. सूत ओढत नेलं की ते बारीक होत जातं, तिथं हा शब्द. उंच डोंगरावर हवा विरळ होते, तिथं हा शब्द. लांबून येणारा आवाज पातळ होतो, आजाऱ्याचं शरीर वाळतं, विषाची धार बोथट होते, सगळीकडे हाच शब्द. तू म्हणालास, म्हणजे दुधात पाणी घालतात तसं का? मी म्हणालो, छे, त्याला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे. तिथं बाहेरून काहीतरी मिसळावं लागतं. इथं काही मिसळायचं नसतं, वस्तू तीच राहते, फक्त तिचं बळ निघून जातं.

तू थोडा वेळ पारड्याकडे बघत बसलास. मग म्हणालास, "मंग ते बळ कोठे जास?"

मी हसलो. इंग्रजी क्रियापदाला असले प्रश्न विचारायचे नसतात असं काहीतरी बोललो. आता वाटतं, त्या दिवशी आपल्या दोघांत शिकलेला माणूस कोण होता?

तुला मोहपाड्यात वाचून दाखवायला कागद हवा होता. नवापूरच्या डोंगरातला तो पाडा, कोकणी जमातीच्या लोकांचा, तिथं कुणी तुला पोरांना हात लावू देत नव्हतं. तू मराठीत वाचलेलं पोलीस पाटील त्यांच्या कोकणी बोलीत सांगणार होता. तू म्हणालास, सोपं लिही, माताले निववी लिधी शे, असं लिही. पेज गरम असली की या वाडग्यातून त्या वाडग्यात ओतून निववतात ना, तशी माता पारड्यात ओतून निववून आणली आहे. हे बायांना कळेल. मी तुझ्यावर खेकसलो. सरकारी कागदावर चुलीपुढचे शब्द चालत नाहीत, म्हणालो. आणि असं लिहिलं: आम्ही देवीचे बळ काढून घेतले आहे, आता ती तुमच्या मुलांस काही करू शकत नाही. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचलं. मला फार आवडलं होतं ते.

तू पुन्हा एकदा हळूच म्हणालास, निववी असतं तर बरं झालं असतं. मी दौतीला बूच लावलं.

तू मोहपाड्याहून परत आलास तो हसतच. सगळी हकिकत मला हसत सांगितलीस. पाड्यातली सगळी माणसं वडाखाली जमली होती, बाया पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, म्हणजे टोचून घ्यायचं मनात होतं म्हणूनच आल्या होत्या. तू कागद वाचलास. पाटलाने कोकणीत सांगितलं. मग जमनी डोकरी उठली, पाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, आणि तिने विचारलं, मातेचं बळ काढून घेतलं, तर ते आता कुणाकडे आहे?

तू मला म्हणालास, बघ मास्तर, मीच विचारलेलं तिने विचारलं. आणि हसलास. पण पुढचं सांगताना तुझं हसू गेलं. सगळ्यांनी आधी तुझ्याकडे बघितलं, मग पारड्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. एकेक बाई उठली, पोराचं तोंड पदराने झाकलं आणि घरात गेली. कुडाची दारं ओढली गेली. भर दुपारी वडाखाली तू आणि ते पारडू, दोघंच. तू पाटलाला हाक मारलीस, तर तोही लांबून बोलला. मातेचं बळ चोरून फिरणाऱ्या माणसाशेजारी कोण उभं राहील?

मी म्हणालो, अडाणी लोक, दुसरं काय. तेव्हाही मी कागदाबद्दल काही बोललो नाही.

फाल्गुनात देवी मोहपाड्यात आली.

तू मला बरोबर चल म्हणालास आणि मी आलो, ते का हे अजून मला नीट माहीत नाही. बहुतेक माझा शब्द बरोबर होता हे बघायला. पाड्यात शिरलो तेव्हा दुपार होती. मोह गळत होता. सगळ्या झाडांखाली फुलांचा सडा पडला होता आणि एकही बाई वेचत नव्हती. त्या दिवसांत डोंगरातली माणसं मोहाच्या झाडाखाली झोपतात, एकेका फुलावरून भांडतात. इथं फुलं सडून आंबूस वास सुटला होता. चुलींचा धूर नाही, फोडणीचा वास नाही, कारण देवी घरात असताना तळण-फोडणी करत नाहीत. दारोदार निंबाच्या डहाळ्या लावलेल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. माझ्या वहाणांचा आवाज मलाच नकोसा वाटू लागला, मी त्या काढून हातात घेतल्या.

एका घरात पाच-सहा वर्षांची पोर निंबाच्या पाल्यावर निजवली होती. तोंड ओळखू येत नव्हतं, डोळे फोडांनी मिटलेले. तिची आई तिच्याशेजारी हात जोडून बसली होती आणि स्वतःच्या पोटच्या पोरीशी थोरामोठ्यांशी बोलावं तसं बोलत होती. आई, पाणी घेणार का? आई, ऊन लागतं का? पोलीस पाटील दारातूनच मला हळू आवाजात सांगत होता. आजारी माणसात माता बसलेली असते, म्हणून तिच्याशी बोलायचं, पोरीशी नाही. मी हे ऐकून होतो. पण डोळ्यांसमोर आई आपल्या लेकीला नावाने हाक मारत नाही, हे बघणं वेगळं.

तू उंबऱ्याशी उभा होतास. काही बोलला नव्हतास, हललाही नव्हतास. पोरीने मिटल्या डोळ्यांनी मान फिरवली, बरोबर तू होतास तिकडे, आणि कोकणीत दोन शब्द बोलली. आवाज पोरीचाच होता, बारीक, थकलेला. मी पाटलाला विचारलं काय म्हणाली, तर तो सांगेना. शेवटी म्हणाला, "माझं मला दे, म्हणते."

घरातली सगळी माणसं तुझ्याकडे बघत होती. त्या आईनेही बघितलं. नथू, त्या पोरीचं एखादं कडं कुणी काढून ठेवलं असेल, तिला तहान लागली असेल, तापात पोरं काहीही बोलतात. मी हे तेव्हाही स्वतःला सांगत होतो. पण तू पागोटं काढून उंबऱ्यावर ठेवलंस, हात जोडलेस आणि म्हणालास, "देसू, माय."

पोर दुसऱ्या दिवशी गेली. मोहपाड्यात त्या खेपेला पाच पोरं गेली. हा आकडा तू मला कधी सांगितला नाहीस, मला तो पाटलाकडून कळला.

परतताना आपण भांडलो ते आठवतं? चिंचपाड्याच्या वाटेवर मी तुझ्यावर तोंड सोडलं. सरकारी माणूस तू, लस टोचणारा, आणि देवीला वचन कसलं देतोस? आता तर त्यांची खात्रीच पटली की बळ तुझ्याकडे आहे. मग म्हणालास, "त्या पोरले कोनीतरी हो म्हनाले जोयजे व्हतं." मी म्हणालो, हा काय युक्तिवाद झाला? तू म्हणालास, हाऊ युक्तिवाद नई शे. आणि पुढे चालू लागलास.

तेव्हा मी म्हणायचं होतं, कागद मी लिहिला होता. तू निववी म्हणत होतास आणि मी ऐकलं नाही. एवढंच म्हणायचं होतं, दहा-बारा शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, भाषांतर अचूक होतं. वाट संपेपर्यंत मी अचूक या शब्दाचं समर्थन करत होतो आणि तू हूं हूं करत होतास.

त्यानंतर तू वाळायला लागलास. लोक म्हणतात पावसाळ्यातला हिवताप होता, डोंगरात फिरणाऱ्याला तो चुकतच नाही, आणि मीही तेच म्हणतो. पण मी ते रोज बघत होतो. आधी तुझा कोट सैल झाला. मग गालांची हाडं वर आली. मग आवाज गेला, म्हणजे गेला नाही, तू दारातून हाक मारलीस तरी मला तो कुठून तरी लांबून, गावाबाहेरून आल्यासारखा ऐकू येई. एकदा तू ओसरीवर उन्हात बसला होतास आणि मला वाटलं, तुझ्या कानाच्या पाळीतून पलीकडचं ऊन दिसतंय. कोशातला एकेक अर्थ मी तुला ओसरीवर बसून समजावला होता, त्याच क्रमाने तो तुझ्या अंगावर उतरत होता. आणि मी, मला माझी जीभ कापून टाकावीशी वाटते आता, मी एकदा थट्टेत म्हणालो, नथू, लेका, तू तर अटेन्युएट व्हायला लागलास. तू खूप हसलास. वैनी आत पीठ मळत होत्या, त्यांनाही हसू आलं, शब्द कळला नव्हता तरी.

नवापूरच्या बाजारात डोंगरातल्या बाया तुला बघून पोरांना पाठीमागे घेत. आधी तुझ्यात मातेचं बळ आहे म्हणून घेत. मग बोलणं बदललं. माता आपलं बळ परत घेते आहे, रोज थोडं थोडं, त्याने देईन म्हटलं होतं ना. भाजीवालीने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला चांगलं झापलं. घरी येऊन मात्र मी तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं, आणि तुझ्या ते लक्षात आलं. तुझी ही एक खोड मला कधीच आवडली नाही, सगळं लक्षात यायचं आणि तोंडातून काही निघायचं नाही.

पौषात शेजारच्या पाड्यात पुन्हा देवीची लागण झाली. तू मला न सांगता मोहपाड्याला गेलास. ताप अंगात घेऊनच गेला असशील. दुसऱ्या दिवशी परत आलास तो धरून चालत आलास, कुंपण, भिंत, जे सापडेल ते. मग खाट. चार दिवस मी शाळा सुटली की तुझ्याकडे येत होतो. तू एकच म्हणत होतास, आठवा दिवस, मास्तर, आठवा दिवस. मला वाटलं तापाचा आठवा दिवस म्हणतोस, तो गेला की उतार पडेल असं म्हणतोस. मी म्हणत होतो, हो हो, आठव्या दिवशी बरा होशील. तू मान हलवत होतास, नाही म्हणून. मला ते कळलं नाही.

शेवटच्या दिवशी तू जरा शुद्धीवर होतास. मला जवळ बोलावलंस. म्हणालास, "मास्तर, त्या शब्दाले दुसरा शब्द शे का?" आणि मी गाढव, मला वाटलं तू मला वाट करून देतो आहेस आणि तरीही मी ती घेतली नाही. मी तुला सांगत बसलो, की निर्वीर्य करणे असाही एक पर्याय आहे, पण तो जरा जड जातो. तू डोळे मिटलेस. ओठांवर थोडं हसू होतं. दिवे लागायच्या आत तू गेलास.

आता परवाचं ऐक. तुला ठाऊक असेल, नसेल, मला काय माहीत?

तुझे दिवस चालू असतानाच मी ठरवलं, की मोहपाड्याला जाऊन सांगायचं. तो शब्द माझा होता, त्यात नथूचा दोष नव्हता. शेजारच्या पाड्यात देवी होती. नवा टोचणीवाला कधी येईल कोण जाणे, पण येईल तेव्हा त्यांनी दारं ओढू नयेत. निदान तुझ्या नावाला चिकटलेलं ते चोरीचं किटाळ निघावं. हे मी तुझ्यासाठी करत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मला झोप लागत नव्हती.

वडाखाली पोरं खेळत होती. मला बघून पळाली नाहीत. एक पोर माझ्यापुढून गेलं आणि त्याच्या डाव्या दंडावर मला चार फोड दिसले. दुसऱ्याच्या दंडावर चार. मी एकाला धरून उन्हात घेतलं. तू मला इतक्यांदा दाखवले होतेस ते, मी काय ओळखणार नाही? भरलेले, मोत्याच्या रंगाचे, मधोमध खळगा, भोवती लाल कडं. आठव्या दिवसाचे फोड. आणि चारही चौकोनात, फक्त चौथा थोडा खाली घसरलेला. तुझा चौथा टोचा कधी सरळ आला नाही, अंगठा वाकडा ना तुझा. मी मोजले, अकरा पोरं. अकराही दंडांवर चौथा फोड खाली.

नथू, तुला जाऊन अकरा दिवस झाले होते. आठव्या दिवसाचे फोड, म्हणजे टोचलं तेव्हा तुला जाळून तीन दिवस झालेले. मी बोटांवर पुन्हा मोजलं. माझी काही चूक होत नव्हती.

बाया दारात आल्या. मी विचारलं, हे कुणी केलं? त्या म्हणाल्या, डॉक्टरने. कधी आला होता? सांगितलं होतं तसा आला, आठव्या दिवशी. अगदी सहज बोलल्या, बाजाराचा दिवस सांगावा तसं. मी म्हणालो, तुम्ही बघितलात? एक म्हणाली, आत बसला होता, डोकरीच्या घरात, आम्ही बाहेर होतो, पोरं एकेक करून आत जात होती. मी पोरांना विचारलं. त्यांतल्या मोठ्या मुलीने मातीकडे बघत सांगितलं, अंधार होता. डोक्यावर ऊन होतं. दोन प्रहरी मी एवढा कधी भ्यालो नव्हतो.

जमनी डोकरीने मला घरात बोलावलं आणि दार ओढून घेतलं. ती हळू बोलली, थोडी कोकणीत, थोडी माझ्यासाठी आपल्याकडच्या बोलीत. मी इथं आपल्या भाषेत लिहितो. ती म्हणाली, तो शेवटचा आला तेव्हा तापाने लटपटत होता. आम्ही दारं ओढली नाहीत, कारण पडला असता. तो वडाखाली बसला आणि म्हणाला, मी मातेचं बळ काढलेलं नाही. तिला पारड्यात ओतून निववून आणली आहे, जशी पेज निववतात. आधी मी चुकीचं बोललो, त्याची माफी मागतो. डोकरीने तेव्हा आपला नातू पुढे केला. बाकीच्यांनी म्हटलं, याला आठ दिवस बघू. तू म्हणालास, बघा, आठव्या दिवशी येतो आणि बाकीच्यांचं करतो.

आठव्या दिवशी तू आला नाहीस. तू गेलास हे त्यांना कळलंच नव्हतं. नातवाचे फोड भरले होते, पोर खेळत होतं आणि शेजारच्या पाड्यात रोज रडणं ऐकू येत होतं. डोकरी लहान असताना पारडी नव्हती. तेव्हाचा टोचणीवाला एका पोराच्या दंडातून घेऊन दुसऱ्याच्या दंडात घालत असे. तिने ते बघितलेलं होतं. आपल्या हातून टोचून घ्यायला कुणी पोर देणार नाही, म्हणून तिने बाहेर सांगितलं, डॉक्टर पाठीमागून येऊन आत बसला आहे, मातेसमोर आहे, कुणी आत यायचं नाही. नातवाला जवळ घेतलं, बाभळीचा काटा घेतला आणि त्याच्या दंडावर होते तसेच, चौथा खाली, अकरा पोरांना टोचले.

मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग तिने हात पुढे केला. तो हात थरथरत होता, थांबतच नव्हता. म्हणाली, दहा वर्षं झाली याला, पाण्याचा तांब्या धरवत नाही. त्या दिवशी थरथरला नाही. काटा माझ्या बोटात होता. मनगट कुणी धरलं होतं ते मला विचारू नकोस.

मी विचारलं नाही. बाहेर आलो. तू गेल्याचं सांगितलं. बाया जमिनीवर बसल्या. मग मी हात जोडून, पाटलाला एकेक वाक्य कोकणीत सांगायला लावून, सगळं बोललो. तो कागद मी लिहिला. नथू निववी म्हणत होता. बळ काढलं हे माझं लिहिणं, तुम्ही दारं ओढलीत ती माझ्या शब्दामुळे, तुमची पाच पोरं गेली ती माझ्या शब्दामुळे. पाटील मध्ये थांबला, तर मी त्याला ढकललं, म्हटलं सांग, जसंच्या तसं सांग.

डोकरीने ऐकून घेतलं. मग मान हलवली. म्हणाली, "नाही, मास्तर. तो इथंच बसून सांगून गेला. शब्द माझा होता, म्हणाला. मास्तर मला नको नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही, म्हणाला."

मी म्हटलं, तो खोटं बोलला. तिला माझी दया आली. तुझा सोबती होता, म्हणून तू असं बोलतोस, म्हणाली. बाकीच्या बायाही तसंच बघत होत्या, हळव्या नजरेने. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पाटलाने ते कोकणीत सांगितलंच नाही, नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणून मला तुझा राग आला आहे. तुला कुणी सांगितलं होतं हे करायला? आता माझी कबुली मी कुणाला देऊ? पाड्यातली माणसं तुझंच खरं मानतात, आणि तू तर तिकडे.

निघताना त्यांनी मला बाजेवर बसवलं. डॉक्टरचा मित्र, इतक्या लांबून खबर घेऊन आलेला, धुळीच्या वाटेने. एक बाई घरातून तांब्या आणि परात घेऊन आली. मी तिला ओळखलं, निंबाच्या पाल्यावर निजवलेल्या त्या पोरीची आई. ती खाली बसली आणि माझे पाय धुवायला लागली, नीट, बोटांच्या मधली मातीसुद्धा काढून. आणि नथू, मी पाय मागे घेतले नाहीत.